बिसावला जाणाऱ्या प्रज्योतीसाठी

लस दहा दिवस आधी टोचून घे.
वास्कोला, बंदराच्या आरोग्य कचेरीत. सकाळी लवकर जा,
पुरेशी माणसं जमल्याशिवाय ते कुपी फोडत नाहीत.
पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवू नकोस,
पासपोर्ट तिथे पुष्कळ हातांतून फिरतो.
कार्ड हरवलं तर परतताना सहा दिवस कोंडून ठेवतात,
आणि शेठ ते सहा दिवस रजेत धरतात.
माझे धरले.

युरो ने. नव्या नोटा, दुमड नसलेल्या.
एका युरोला साडेसहाशेहून थोडे जास्त फ्रँक,
हिशेब तोंडपाठ कर, चारचौघांत मोबाइल काढू नकोस.
कार्ड चालतं म्हणणाऱ्या हॉटेलात
मशीन असतं, वीज नसते.

विमान अपरात्री उतरेल. उजाडेपर्यंत बाकावर बसून राहा.
टॉर्च दोन ने. मलेरियाच्या गोळ्या जेवल्यावर घे,
रिकाम्या पोटी पोट ढवळतं.
स्वप्नं मात्र जेवलं तरी पडतात.

सात जणांची म्हणतात ती गाडी
नऊ भरल्यावर सुटते.
आणि दिवाडीची फेरीबोट समजून
भरलेल्या पिरोगीत चढू नकोस.

भाषेला भिऊ नकोस.
काजू तिथेही काजूच.
साबण, चावी, जनेल, पगार,
वाळपईच्या बाजारात तू रोज वापरतेस ते शब्द
एकाच गलबतातून उतरलेत,
काही इथे, काही तिथे.
फक्त आल्या आल्या भाव विचारू नकोस.
आधी म्हणायचं, कुमा दि कुर्पू, शरीर कसं आहे?
मग घर, मग मुलं, मग दुखणारा गुडघा.
मी पहिल्या वर्षी हे वगळलं
आणि दुपारपर्यंत एक पोतं उघडलं गेलं नाही.

काफ्रियाल मागशील तर हिरवं येणार नाही.
लिंबू, कांदा, मिरची, एवढंच.
खरं काफ्रियाल आमच्याकडचं, असं मी म्हणालो होतो.
सगळी खाणावळ हसली.

पोत्यात हात कोपरापर्यंत घाल.
वरचा माल सगळेच चांगला ठेवतात,
डिचोलीत काय वेगळं करतात?
शंभर बिया मोजून काप, डागी वेगळ्या काढ,
आणि जूनच्या आत ट्रक रस्त्याला लाव,
नंतर तो रस्ता राहत नाही.

बिसोराला गेलीस
तर विहिरीजवळचं तिया दोमिंगाचं घर विचार.
दोन हंगामांपूर्वी मी तिच्याकडून अठरा पोती घेतली.
सरकारी भाव मला ठाऊक होता.
तिला नसावा.
नाही, तिलाही असणार. पण घरातला तांदूळ संपला होता
आणि माझ्या ट्रकात तांदूळ होता.
किलोला किलो ठरलं.
काटा बरोबर होता, तेवढं सांगतो.

मग त्याच तांदळातला भात तिने रांधला,
वर शेंगदाण्याचं कालवण. पहिलं ताट मला.
बोंडांचा रस दिला, आपल्या नीऱ्याहून जरा आंबट,
आणि विचारलं,
तुमच्याकडे झाडं नाहीत का, इतक्या लांब येता?
म्हटलं, आहेत. सत्तरीचे डोंगर भरून आहेत.
मग?

त्या ‘मग’ला माझं पोर्तुगीज पुरलं नाही.
कारखान्याला वर्षभर बी लागते, मशीन थांबवता येत नाही,
असं काहीतरी मी कोकणीत पुटपुटलो.
तिने मान हलवली आणि आणखी भात वाढला.

सोबत एक पाकीट आहे.
अठरा पोत्यांचा फरक, माझ्या हिशेबाने.
पावती घेऊ नकोस, शेठच्या वहीत टिपू नकोस.
ती विचारेल हे कशाचे,
तर आधी शरीर कसं आहे ते विचार,
घरचं विचार, गुडघ्याचं विचार,
आणि तोवर तुला काही सुचलं
तर ते सांग.

लस टोचली की हात दोन दिवस दुखतो.
पोती उचलू नकोस.